डोक्याला लागलेला मुका मार आणि घरचा पहारा

मुलाच्या डोक्याला मार लागल्यावर त्याला तपासून डॉक्टरांनी ‘घरी न्या, फक्त लक्ष ठेवा’ असे सांगितले, की बहुतेक पालकांना हायसे वाटते आणि त्याच वेळी आपल्याला वाऱ्यावर सोडले असेही वाटते. कारण ना इंजेक्शन, ना सलाईन, ना स्कॅन, आणि जे करायला सांगितले ते उपचाराच्या रूढ कल्पनेत कुठेच बसत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ही देखरेख हाच अशा दुखापतीवरचा मुख्य उपाय आहे, आणि तो नीट पार पाडायचा तर नेमके काय पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि कोणत्या क्षणी पाहणे थांबवून दवाखान्याची वाट धरायची, हे आधी ठाऊक असावे लागते. जालना जिल्ह्यात या प्रश्नांना अंतराचा आणखी एक प्रश्न चिकटतो: मंठा, परतूर किंवा जाफराबादच्या एखाद्या वाडीवर बसून केलेला पहारा आणि शहरात, मोठ्या रुग्णालयाच्या शेजारी राहून केलेला पहारा यांचे नियम एकच असले, तरी त्यांतला सावधपणा एकच असू शकत नाही.

या जिल्ह्यात मुलांची डोकी कुठे आपटतात, हे घरांच्या आणि कामांच्या पद्धतीवरून सहज समजते. मराठवाड्यातील जुन्या घरांची माळवदे आणि नव्या घरांचे कठड्याविना राहिलेले स्लॅब, अंगणातली बाज, आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी, बांधावरची चिंच, गोठ्यातल्या जनावराची लाथ, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि दुचाकीच्या टाकीवर पुढे बसवलेले लेकरू अशी ही यादी कोणाही गावकऱ्याला पाठ असते. यांतल्या शेवटच्या प्रकाराबाबत कायदा स्पष्ट आहे: ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेला हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, रस्त्यावर मात्र त्याचे पालन क्वचितच दृष्टीस पडते.

लहान मूल पडले की डोक्यावरच पडते, हा सर्वसाधारण अनुभव शरीररचनेतून येतो. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, तर प्रौढाचे सातवा किंवा आठवा हिस्सा. शिवाय मान अजून अशक्त आणि पडताना हात पुढे टाकण्याची सवय अपुरी, त्यामुळे तोल गेला की वजनदार भागच आधी जमिनीला लागतो. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि या वाहिन्या घट्ट तंतूंना चिकटलेल्या असल्याने कापल्यावर त्या आक्रसून लवकर बंद होत नाहीत. म्हणूनच बोटाच्या पेराएवढी खोक पडली तरी सदरा रक्ताने भिजतो आणि घरातल्यांचा धीर सुटतो. रक्त किती गेले आणि मेंदूला किती इजा झाली, यांचा परस्परसंबंध फार थोडा असतो. टेंगळाचेही तसेच: ते कातडी आणि कवटीचे हाड यांच्यामध्ये साचलेले रक्त असते, म्हणजे ते कवटीच्या बाहेर असते, आणि कपाळावरचे टेंगूळ कितीही मोठे दिसले तरी बहुधा निरुपद्रवी असते. मात्र दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कानाच्या वर, बाजूला किंवा मागे सूज आली आणि ती हाताला लिबलिबीत लागली, तर तिच्याखाली हाड तडकलेले असण्याचा संभव वाढतो, आणि असे मूल त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे.

आतल्या इजेचे दोन प्रकार वेगळे ओळखले, तर पुढचे सगळे नियम समजणे सोपे जाते. पहिला प्रकार मेंदूच्या हादऱ्याचा. गच्च झाकण लावलेल्या भांड्यातले दही गाडीच्या हिसक्याने डचमळावे, तसा मेंदू क्षणभर कवटीत हेलकावतो, त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते, आणि मूल गोंधळते, त्याला गरगरते, एखादी ओकारी येते, डोके दुखते. या स्थितीत रचना शाबूत असते आणि कार्य बिघडलेले असते, म्हणून स्कॅनमध्ये काहीही दिसत नाही, आणि बहुतेक मुले काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतात. दुसरा प्रकार रक्तस्रावाचा. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचे जाड बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते.

हे साचणे धोक्याचे का, याचे उत्तर एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेल्या विचारात आहे. कवटी न ताणणारी असते आणि तिच्यात मेंदू, रक्त व मेंदूभोवतीचे पाण्यासारखे द्रव एवढ्यांनाच जागा असते. नवे काही आत साचले, तर जुन्यापैकी काही बाहेर जावे लागते. सुरुवातीला थोडे द्रव आणि शिरांतले थोडे रक्त बाहेर सरकते, म्हणून दाब वाढत नाही आणि मूल ठीक दिसते, बोलते, कधी खेळतेही. ही सवलत संपली की पुढच्या थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. मधल्या या फसव्या शांत काळाला ‘शुद्धीचे मध्यंतर’ असे म्हणता येईल. तो फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतो, पण घरच्या पहाऱ्याचे सारे प्रयोजन त्याच्यात आहे: पडल्यानंतर तासाभराने मूल चांगले होते, एवढ्यावर पाचव्या तासाची हमी मिळत नाही. धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो आणि नंतर उतरत जातो, त्यामुळे साधारण ४८ तासांपर्यंत जागरूक राहण्याचा सल्ला दिला जातो.

‘किरकोळ’ हे विशेषण डॉक्टर एका मोजपट्टीवरून लावतात. ग्लासगोचे ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पट्टीत डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण मिळतात, आणि अजिबात प्रतिसाद नसला तरी ३ गुण असतात. न बोलणाऱ्या बाळासाठी बोलण्याऐवजी हुंकार, बडबड आणि रडण्याची तऱ्हा पाहिली जाते. १३ ते १५ गुणांची दुखापत सौम्य गटात मोडत असली, तरी मूल घरी पाठवताना ते पूर्ण शुद्धीवर, म्हणजे १५ गुणांवर, असावे अशी अपेक्षा असते.

पालकांचा पुढचा प्रश्न बहुधा स्कॅनचा असतो, आणि ‘पैसे लागले तरी चालतील, पण एकदा स्कॅन करूनच टाका’ हा आग्रह समजण्यासारखा असला तरी तो दर वेळी मुलाच्या हिताचा नसतो. उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांनी मिळून केलेला आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत पायाभूत मानला जातो. त्यात १४ किंवा १५ गुण असलेली ४२,४१२ मुले होती. त्यांपैकी महत्त्वाची मेंदूइजा ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना आढळली, आणि मेंदूची शस्त्रक्रिया फक्त ६० जणांवर करावी लागली. कोणत्या मुलांना स्कॅनची गरज नाही, हे ठरवण्यासाठी या अभ्यासातून काही लक्षणांचे निकष निघाले, आणि ज्या मुलात त्यांपैकी एकही लक्षण नव्हते त्याच्या मेंदूला महत्त्वाची इजा असण्याची शक्यता दोन हजारांत एकाहूनही कमी ठरली. दुसऱ्या बाजूला, सीटी स्कॅनमधील क्ष-किरणांचीही किंमत असते: ब्रिटनमधील १ लाख ७८ हजारांहून अधिक तरुण रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दहा वर्षांखालील दर दहा हजार मुलांच्या डोक्याच्या स्कॅनमागे पुढच्या दशकात रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण संभवतो. हा धोका लहान आहे, गरज असताना स्कॅन टाळण्याइतका तर नाहीच. पण गरज नसताना तो पत्करण्यातही शहाणपण नाही.

त्या निकषांत दोन वर्षांखालील मुलांसाठी ‘आई-वडिलांच्या मते मूल नेहमीसारखे वागत नाही’ हे एक स्वतंत्र लक्षण आहे. यंत्रे आणि तज्ज्ञ हाताशी असलेल्या रुग्णालयांतही संशोधकांना हे वाक्य निकषांत ठेवावे लागले, याचे कारण उघड आहे: डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो, आणि ते एरवी किती किरकिरे असते, दुपारी किती वाजता झोपते, आजीला पाहिल्यावर कसे हसते, हे त्याला ठाऊक नसते. जालन्यातल्या एखाद्या आईने केसपेपर हातात धरून ‘लेकरू आज वेगळंच करायलंय’ असे म्हटले, तर ती अडाणीपणाने घाबरली असे समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती त्या क्षणी निदानाचा एक मान्य निकष सांगत असते.

घरी ठेवण्याचा विचारच करू नये, अशा परिस्थितीही ठरलेल्या आहेत. मूल क्षणभर का होईना बेशुद्ध झाले, झटका आला, ते वाहनाच्या धडकेने उडाले, दोन वर्षांखालील मूल ३ फुटांहून अधिक किंवा त्याहून मोठे मूल ५ फुटांहून अधिक उंचीवरून पडले, किंवा जोरात येणारी वस्तू डोक्यावर बसली, तर ते वरवर ठणठणीत दिसले तरी आधी तपासणी व्हावी. या मापाने पाहिले, तर माळवदावरून पडलेले कोणतेही मूल तपासणीविना घरी राहू शकत नाही, कारण ५ फुटांइतके बुटके माळवद कुठेच नसते. आणि कमरेएवढ्या उंचीवर बांधलेल्या झोळीतून फरशीवर पडलेले तान्हे बाळही त्याच हिशेबात येते. तीन महिन्यांखालचे बाळ, रक्त न गोठण्याचा आजार असलेले मूल, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे किंवा डोक्याची शस्त्रक्रिया झालेले मूल यांच्या बाबतीत उंची मोजत बसण्याचे कारण नाही. मार कसा लागला हे कोणालाच सांगता येत नसेल किंवा सांगितलेली हकिकत इजेशी जुळत नसेल, तरीही मूल दाखवावे, कारण मुलाला कोणी मारले किंवा हिसडले असण्याची शक्यता डॉक्टरांना पडताळावी लागते.

आता अंतराचा हिशेब. जालना शहरापासून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि मंठ्याहून जालन्याला यायलाही जवळपास तेवढेच अंतर कापावे लागते. म्हणजे मंठ्याच्या पलीकडील खेड्यातून निघालेल्या कुटुंबाला १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सगळ्यांच्या तोंडी ‘घाटी’ म्हणून असलेल्या, रुग्णालयात पोहोचायचे तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. जालन्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आणि २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज लागल्यास पुढे जावे लागेल, हे गृहीत धरूनच घरच्यांनी वेळेचे गणित मांडावे. परदेशी पुस्तकांतले ‘थांबा आणि पाहा’ हे सूत्र रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात येते अशा वस्तीत लिहिले गेले आहे. घनसावंगीच्या गोदाकाठावर, पावसाळ्यात नाला भरल्यावर रस्ता बंद होणाऱ्या वस्तीवर ते जसेच्या तसे लावणे चूक आहे. अशा ठिकाणी पहिली रात्र तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे काढणे किंवा ग्रामीण रुग्णालयात निरीक्षणाखाली राहण्याची विनंती करणे, हा घाबरटपणा नव्हे. राज्यात २०१४ पासून चालणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मूल बेशुद्ध असेल किंवा मानेत दुखते असे म्हणत असेल, तर त्याला उचलून दुचाकीवर मधे बसवून नेण्यापेक्षा मान न हलवता आडवे ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहणे अधिक सुरक्षित ठरते. ओकारी येत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे.

तपासून घरी आणलेल्या किंवा मुळातच फार हलका मार लागलेल्या मुलासाठी पहिल्या काही तासांत करण्यासारखे थोडेच असते. खोकेवर स्वच्छ फडके ठेवून दहा मिनिटे न उचलता सलग दाबून धरावे; मात्र तेथे हाड दबलेले जाणवत असेल, तर दाब न देता फडक्याने फक्त झाकून ठेवावे. टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा माठातल्या पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवली की सूज आणि ठणका कमी होतो. जखमेत हळद, चहापत्ती, चुना किंवा तंबाखू भरल्याने रक्त थांबल्यासारखे दिसते, पण टाके घालण्यापूर्वी ते सगळे खरवडून काढावे लागते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. टेंगूळ चोळणे, त्यावर नाणे दाबणे आणि बाळाची टाळू तेलाने ‘भरणे’ हेही या वेळी टाळावे. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढल्याने कोणाचे काही बिघडत नाही. फक्त तिच्यासाठी किंवा अंगाऱ्यासाठी दवाखान्याची वाट लांबवू नये. धनुर्वाताची लस वयानुसार झाली आहे ना, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्यावे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते, आणि येथे एका नेहमीच्या गल्लतीकडे लक्ष वेधले पाहिजे. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत अशी एका वेळची मात्रा, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत, हा साधारण नियम आहे; पण बाजारात याच औषधाचे ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असे वेगवेगळ्या तीव्रतेचे प्रकार मिळतात. १२ किलोच्या मुलाची १८० मिलिग्रॅमची मात्रा पहिल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर, दुसरीतून साडेतीनच्या किंचित वर आणि थेंबांतून १.८ मिलिलिटर होते. शेजाऱ्याने सांगितलेले ‘साडेसात’ कोणी थेंबांच्या बाटलीतून दिले, तर चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचून, सोबतच्या मापानेच औषध द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, आणि आयबुप्रोफेनसारखी औषधे पहिले एक-दोन दिवस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी सिरपे, ओकारी थांबवणारी औषधे आणि मूल शांत झोपावे म्हणून दिलेले काहीही परस्पर देऊ नये, कारण त्यांनी आलेली झापड आणि मेंदूवरील दाबाने आलेली झापड यांतला फरक नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सर्वाधिक गोंधळ झोपेविषयी असतो. डोक्याला मार लागलेल्या मुलाला झोपू द्यायचे नाही, झोपले तर ते उठणार नाही, ही समजूत महाराष्ट्रभर पक्की आहे आणि तिच्यापायी थकलेली, रडून दमलेली मुले रात्रभर हलवून हलवून जागी ठेवली जातात. झोपेने मेंदूतला रक्तस्राव होत नाही किंवा वाढत नाही. समजुतीच्या मुळाशी असलेली भीती मात्र निराधार नाही: दाब वाढल्याने येणारी गुंगी बाहेरून झोपेसारखीच दिसते, आणि सगळे घर झोपलेले असताना ती कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे मूल पूर्ण शुद्धीवर असेल, तर त्याला नेहमीच्या वेळी झोपू द्यावे आणि पहिल्या रात्री डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, बहुधा दोन ते चार तासांनी, त्याची शुद्ध पडताळावी. पडताळणीसाठी मुलाला उठवून बसवायला हवे असे नाही. कूस बदलायला लावले तर ते कुरकुरते का, ओढलेले पांघरूण परत ओढून घेते का, श्वास संथ आणि एकसारखा आहे का, हात-पाय दोन्ही बाजूंनी सारखे हलतात का, हे पाहावे. शंका आली तर पूर्ण जागे करून नाव विचारावे, पाणी द्यावे, ओळखीच्या माणसाकडे बोट दाखवायला लावावे. झोपेतून उठवलेले निरोगी मूल चिडते, आणि त्या रात्री ही चिडचिड शुभ मानावी. हाका मारून, हलवूनही जे मूल नीट जागे होत नाही किंवा जागे होऊन लगेच पुन्हा गळून पडते, त्याच्या बाबतीत पहाटेची वाट पाहू नये. रात्रीचा हा पहारा एकट्या आईवर टाकला की दुसऱ्या प्रहरी तिचाच डोळा लागतो. घरातल्या दोघांनी पाळी वाटून घ्यावी आणि पाळी बदलताना मूल शेवटचे केव्हा आणि कसे जागे झाले, हे दुसऱ्याला सांगावे.

पहाऱ्यात पाहायची लक्षणे अशी, की त्यांना कोणतेही उपकरण लागत नाही. मार लागल्यावर लगेच आलेली एखादी ओकारी पुष्कळ मुलांत दिसते, पण ओकाऱ्या तीन किंवा अधिक वेळा झाल्या, किंवा काही तास बरे गेल्यावर नव्याने सुरू झाल्या, तर निघावे. औषध देऊनही वाढत जाणारी डोकेदुखी, बोलताना शब्द अडखळणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, घरातल्या माणसाला न ओळखणे, चालताना झोकांडी जाणे, एका हातातून वस्तू गळणे, दोन-दोन दिसणे, झटका येणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती मार न लागताही काळेनिळे होणे, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. नाका-कानातले पाणी म्हणजे मेंदूभोवतीचे द्रव असू शकते आणि ते कवटीच्या तळाचे हाड तडकल्याचे सुचवते. तेथे कापसाचा बोळा कोंबू नये. डोळ्यांत टॉर्च पाडून बाहुल्या पाहण्याची पद्धत घरोघरी पोहोचली आहे, परंतु एक बाहुली मोठी होणे हे उशिराचे लक्षण आहे, त्यामुळे बाहुल्या सारख्या आहेत एवढ्यावर निश्चिंत होऊन वाढत्या गुंगीकडे काणाडोळा करणे घातक ठरते. तान्ह्या बाळात या सगळ्याच्या जागी अंगावर न पिणे, कुशीत घेऊनही न थांबणारे किंवा किंचाळल्यासारखे तीव्र रडणे, लुळे पडणे आणि शांत असताना, उभे धरल्यावरही टाळू फुगलेली लागणे, ही चिन्हे पाहायची. टाळू बहुधा दीड वर्षाच्या आसपास भरते. तोवर ती आतल्या दाबाचा अंदाज देते. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, दातांत चमचा घालू नये आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

दोन दिवस निर्विघ्न गेले की रक्तस्रावाची चिंता बरीचशी ओसरते आणि हादऱ्यातून सावरणे उरते. पूर्वी अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांपैकी ज्यांना पाच दिवस सक्तीची विश्रांती दिली, त्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा अधिक तक्रारी नोंदवल्या, आणि तेव्हापासून पहिला एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू नेहमीचे हिंडणे-फिरणे, असा क्रम रूढ झाला. मोबाइलबाबत मात्र पहिले दोन दिवस कडक राहणे फायद्याचे आहे: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ वर्षांवरील मुले आणि तरुणांच्या अभ्यासात पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांच्या तक्रारी साधारण साडेतीन दिवसांत निवळल्या, तर इतरांना आठ दिवस लागले. पडून असलेल्या मुलाला रमवायला आज घराघरांत मोबाइलच हाती दिला जातो, म्हणून हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शाळा पूर्ण बरे होईपर्यंत बुडवण्याची गरज नसते; अर्धा दिवस, अधूनमधून विसावा आणि काही दिवस गृहपाठात सवलत, एवढे शिक्षकांना सांगितले की पुरते. कबड्डी, कुस्ती, सायकल, झाडावर चढणे आणि क्रिकेटचा कठीण चेंडू यांची घाई मात्र करू नये, कारण सावरत असलेल्या मेंदूला दुसरा हादरा बसला तर बरे व्हायला फार वेळ लागतो. तक्रारी पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच असे खेळ सुरू करावेत. चिडचिड, झोपमोड, अभ्यासात लक्ष न लागणे, विसरभोळेपणा या गोष्टी काही दिवस दिसतात आणि त्या मुलाचा आळस किंवा हट्ट म्हणून मोजल्या जातात. चार आठवड्यांनंतरही त्या टिकून राहिल्या, तर मूल पुन्हा दाखवावे.

हा सगळा पहारा घर स्थिर आहे असे धरून चालतो, आणि जालना जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत तसे नसते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, मुले ट्रॅक्टरवरच्या सामानावर बसून प्रवास करतात, आणि फडात पडलेल्या लहानग्यावर लक्ष ठेवायला बहुधा आठ-दहा वर्षांचे भावंड मागे उरते, ज्याला गुंगी आणि झोप यांतला फरक कळण्याची अपेक्षा धरता येत नाही. अशा मुलाच्या आई-वडिलांपैकी एकाला किमान पहिले २४ तास कामातून मोकळे ठेवणे ही मुकादमाची जबाबदारी मानली पाहिजे, मग उचलीच्या हिशेबात तो दिवस कसाही मांडला जावो. १०८ हा क्रमांक कर्नाटकातही रुग्णवाहिकेसाठी चालतो. मूल किती वाजता, किती उंचीवरून पडले, ओकारी कधी आणि किती वेळा झाली, कोणते औषध किती दिले, एवढे केसपेपरच्या मागे लिहून तो कागद मुलासोबत ठेवला, की फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून, निघालेल्या कुटुंबाला परक्या गावच्या डॉक्टरपुढे, भाषा येत नसली तरी, तपासणीची सुरुवात करून देता येते.